खाद्यात चरबी आणि मासळीचं तेल: ड्रम उघडण्यापासून पोतं शिवेपर्यंत

मे महिन्यात दुपारी ब्रॉयलरच्या शेडमध्ये उभं राहिलं की पक्षी चोच उघडी टाकून धापा टाकताना दिसतात आणि खाद्याची भांडी सकाळी भरली तशीच असतात. पक्षी खात नाही म्हणजे वजन चढत नाही. मग कुणीतरी सांगतं, "खाद्यात तेल वाढव." सल्ला चुकीचा नाही. पण कुठलं तेल, किती, कशात कालवून, आणि कुठल्या जनावराला अजिबात नाही, हे कुणी सांगत नाही. मी दापोली तालुक्यात बारा-तेरा वर्षं अंड्यावरच्या कोंबड्या आणि थोडे ब्रॉयलर सांभाळतो आणि खाद्य स्वतः दळून मिसळतो. या काळात तेलामुळे फायदाही झाला आणि एकदा घरोघरची गिऱ्हाइकंही तुटली. जे शिकलो ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी क्रमाने लिहितो.

आधी तेल का घालायचं ते समजून घ्या. मक्याच्या एका किलोतून कोंबडीला साधारण ३,३५० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. चांगल्या तेलाच्या एका किलोतून साडेआठ हजारांच्या वर मिळते, म्हणजे अडीचपट. शिवाय पिष्ट किंवा प्रथिनं पचवताना शरीरात जितकी उष्णता तयार होते, तितकी स्निग्ध पदार्थ पचवताना होत नाही. म्हणून उन्हाळ्यात पक्षी घास कमी घेतो तेव्हा त्या थोड्या घासातच ऊर्जा भरायला तेल उपयोगी पडतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात तर जास्तच. एक टक्का तेलानेसुद्धा भरड्याची धूळ बसते आणि भांड्याच्या तळाशी उरणारं पीठ कमी होतं.

खाणारं जनावर कोण, हे आधी

गाय, म्हैस, शेळी, मेंढी असेल तर प्राण्याच्या चरबीचा विषय तिथेच थांबवा. ब्रिटनमध्ये १९८६ साली गायींमधला बीएसई, म्हणजे लोक ज्याला 'मॅड काऊ' म्हणतात तो मेंदूचा रोग ओळखला गेला. जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी जनावरांनाच खाऊ घातल्यामुळे तो पसरला होता. १९८८ मध्ये तिथे रवंथ करणाऱ्या जनावरांना रवंथ करणाऱ्यांचीच प्रथिनं खाऊ घालण्यावर बंदी आली. चरबी हे त्याचं मूळ नव्हतं, पण नीट न गाळलेल्या चरबीत मांसाचे बारीक कण तरंगत राहतात. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमात 'प्रथिनमुक्त' चरबीसाठी न विरघळणारा गाळ ०.१५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. आपल्याकडे एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाचा, नियम आहे की दूध वा मांस देणाऱ्या जनावरांना, कोंबडी, डुक्कर आणि मासे सोडून, गाय-म्हैस वर्गाच्या किंवा डुकराच्या मांस-हाडांची भुकटी, रक्तभुकटी वा आतले अवयव असलेलं खाद्य द्यायचं नाही. दूध आणि दुधाचे पदार्थ तेवढे अपवाद. गाळाची खात्री नसलेला चरबीचा ड्रम गोठ्यात नेणं म्हणजे हा नियम नकळत मोडणं.

मासळीचं तेल दुभत्या जनावराला घालून बघायचा मोह काहींना होतो. मोकळं तेल पोटातल्या जिवाणूंना मारक ठरतं, चारा पचेनासा होतो, आणि मासळीच्या तेलाने तर दुधातली स्निग्धता हमखास उतरते. डेअरीवर फॅट लागत नाही, दर पडतो. ज्यांना गोठ्यासाठी ऊर्जा हवी आहे त्यांच्यासाठी बायपास फॅट आहे. पामतेलातल्या आम्लांचं कॅल्शियमशी बांधलेलं ते रूप रवंथाच्या पोटातून न विरघळता पुढे जातं. व्यायलेल्या गाई-म्हशीला दिवसाला १०० ते २०० ग्रॅम पुरतं.

राहिल्या कोंबड्या, मासे, कोळंबी आणि डुकरं. या लेखातलं पुढचं सगळं मुख्यतः कोंबड्यांबद्दल आहे, कारण माझा हात तिथे बसलेला आहे.

तेलं ओळखा

बाजारात तीन गोष्टी मिळतात. कत्तलखान्यातून येणारी घट्ट चरबी, म्हणजे टॅलो. आपल्याकडे ती म्हशीची असते. कोंबडीची चरबी, जी मोठ्या प्रक्रिया केंद्रांतून वितळवून गाळून येते, 'चिकन ऑइल' नावाने विकली जाते आणि उन्हाळ्यात पातळच असते. आणि मासळीचं तेल.

टॅलो साधारण ४० अंशांच्या वर वितळते. ती स्वस्त पडते, पण पहिल्या आठवड्याच्या पिल्लाला पचत नाही. पिल्लाचं पित्त आणि पाचकरस अजून पुरेसे सुटत नसतात आणि घट्ट चरबी तशीच विष्ठेतून जाते. प्री-स्टार्टरमध्ये, म्हणजे पिल्लांच्या पहिल्या दिवसांच्या खाद्यात, टॅलो घालू नका. मोठ्या पक्ष्यालाही ती एकटी देण्यापेक्षा सोयातेलात मिसळून दिली तर जास्त पचते. कोंबडीची चरबी मधली आहे, पचायला चांगली, आणि ताजी मिळाली तर मी ब्रॉयलरसाठी तिलाच पहिली पसंती देतो.

मासळीचं तेल आपल्या किनाऱ्यावर मुख्यतः तारलीचं. मासळी शिजवतात, दाबून रस काढतात, त्या रसातून तेल वेगळं करतात आणि उरलेल्या चोथ्याची मासळीची भुकटी होते. रत्नागिरीपासून गोवा, मंगळुरूपर्यंत हे कारखाने आहेत. तारलीच्या अंगात तेल वर्षभर सारखं नसतं. पावसाळ्यात अंडी घालायच्या दिवसांत ती सुकलेली असते, पाऊस सरल्यावर खाऊन माजते. म्हणून ऑक्टोबरनंतरचं तेल भरपूर आणि बहुधा ताजं मिळतं. मासेमारी बंदीच्या दिवसांत, जून-जुलैत, कुणी "ताजं तेल" म्हणून दिलं तर गाळल्याची तारीख विचारा. ते गेल्या हंगामातलं असण्याचीच शक्यता जास्त.

नव्या माणसाची आणखी एक चूक म्हणजे मासळीचं तेल आणि कॉड लिव्हर ऑइल एकच समजणं. कॉडच्या यकृताच्या तेलात अ आणि ड जीवनसत्त्व खच्चून असतं. १९२० च्या दशकात अमेरिकेत बंद घरात वाढणाऱ्या पिल्लांचे पाय लुळे पडायचे, ते याच तेलाने थांबले आणि हिवाळ्यात बंदिस्त कोंबडीपालन शक्य झालं. तारलीचं अंगतेल हे वेगळं. ते घातलं म्हणून प्रीमिक्समधलं (जीवनसत्त्वं-खनिजांच्या तयार मिश्रणातलं) ड जीवनसत्त्व कमी करायचं नाही.

विकत घेताना

बहुतेक नुकसान खरेदीच्या वेळीच होतं, म्हणून इथे घाई करू नका.

पुरवठादाराकडे जाताना मी काचेची पांढरी बाटली, स्टीलची पळी आणि काडेपेटी नेतो. ड्रम उघडला की वरवरचं तेल न घेता लांब नळी तळापर्यंत घालून नमुना काढतो, कारण पाणी आणि गाळ तळाशी असतात. पळीत चमचाभर तेल घेऊन खालून तापवायचं. फोडणीत ओली मिरची पडल्यासारखं तडतडलं तर पाणी आहे. पाणी असलेलं तेल लवकर आंबतं आणि आपण पाण्याला तेलाचा भाव देतो. मग दोन थेंब तळहातावर घेऊन दुसऱ्या तळव्याने जोरात चोळायचे आणि ऊब आल्यावर हुंगायचं. ताज्या तेलाला मासळीचा वास असतो, बंदरावर येतो तसा. खवट तेलाचा वास नाकात टोचतो, जुन्या रंगाच्या डब्यासारखा, घशात खरखर होते. एकदा दोन्ही वास शेजारी शेजारी घेतले की पुन्हा विसरत नाहीत. बाटलीतला नमुना घरी रात्रभर उभा ठेवा. सकाळी तळाला करंगळीच्या पेराएवढा थर दिसला तर ड्रम परत.

नाकाला मर्यादा आहे, म्हणून पहिल्यांदा नव्या माणसाकडून घेताना प्रयोगशाळेत तपासणी कराच. चार गोष्टी मागा: मुक्त स्निग्धाम्ल (तेल मोडून सुटलेली आम्लं), ओलावा आणि गाळ, पेरॉक्साइड मूल्य, अ‍ॅनिसिडिन मूल्य. मासळीच्या तेलात मुक्त आम्ल ३ टक्क्यांच्या आत असलं तर मी घेतो. पेरॉक्साइड ५ च्या खाली उत्तम, १० च्या वर मी घेत नाही. फक्त पेरॉक्साइडवर विसंबू नका. तेल खवट होताना हा आकडा आधी चढतो आणि मग ती द्रव्यं मोडली की परत उतरतो. म्हणजे पार गेलेलं तेलही कागदावर चांगलं दिसू शकतं. अ‍ॅनिसिडिन ती मोडलेली द्रव्यं पकडतं.

भाव फार कमी असेल तर आयोडीन मूल्यही मागा. तेल किती असंतृप्त आहे ते हा आकडा सांगतो आणि प्रत्येक तेलाचा तो वेगळा असतो. २०२३ साली पेरूने अँकोव्हीचा पहिला हंगाम रद्द केला तेव्हा जगभर मासळीच्या तेलाचे भाव चढले. भाव चढले की भेसळीचा मोहही वाढतो. तारलीच्या तेलाचं आयोडीन मूल्य दीडशेच्या आसपास वा त्याहून वर असतं, पामतेलाचं पन्नास-साठ. मधला आकडा आला की समजायचं.

हॉटेलात तळून काळं झालेलं तेल कुणी स्वस्तात देऊ केलं तर नको म्हणा. एफएसएसएआयने तळणाच्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांना (तेल पुन्हा पुन्हा तापून मोडल्यावर तयार होणाऱ्या द्रव्यांना) २५ टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे आणि त्यापुढचं तेल बायोडिझेलकडे जावं अशी योजना आहे. माणसाच्या पोटाला जे चालत नाही ते अंड्यातून परत माणसाकडेच पाठवायचं, हे मला पटत नाही. बेल्जियममध्ये १९९९ साली काय झालं ते आठवावं. गोळा केलेल्या जुन्या चरबीत यंत्रांतलं पीसीबी हे विषारी रसायन असलेलं तेल मिसळलं गेलं, ती चरबी खाद्य कारखान्यांत पोचली, आणि अंडी उबेनाशी झाली, पिल्लं मरायला लागली. डायॉक्सिन हे विषही सापडलं. दुकानांतून कोंबडी आणि अंडी उचलावी लागली. चरबी विषारी द्रव्यं साठवून ठेवते, म्हणून ती कुठून आली हे विचारणं हा खरेदीचाच भाग.

साठवण

हवा, उजेड, ऊब आणि धातू हे तेलाचे चार वैरी. तांबं-पितळ तर मुळीच नको, नळाची तोटीसुद्धा पितळी नको. गंजलेला लोखंडी ड्रमही नको. जाड प्लास्टिकचा किंवा स्टीलचा ड्रम, सावलीत, गळ्यापर्यंत भरलेला. अर्धा ड्रम उरला की लहान कॅनमध्ये काढून गच्च भरून ठेवा. जुन्या तेलाच्या तळात नवं ओतू नका. विरजण लागल्यासारखं जुनं खवट तेल नव्याला लवकर बिघडवतं.

बीएचटीसारखं ऑक्सिडीकरण रोखणारं द्रव्य तेल गाळल्या गाळल्या पडलेलं असायला हवं. ते घातलंय का, हे विचारून घ्या. खवट झाल्यावर घातलं तर काही परत येत नाही.

किती घालायचं, आणि त्याबरोबर काय बदलायचं

इथे बहुतेक नवे लोक चुकतात. तयार सूत्रात वरून दोन किलो तेल ओततात आणि थांबतात.

एक उदाहरण हातावर मांडून दाखवतो. १०० किलो ब्रॉयलर खाद्य आहे, किलोला ३,००० किलोकॅलरी, २० टक्के प्रथिनं. त्यातला २ किलो मका काढून २ किलो तेल घातलं, जे किलोला ८,८०० किलोकॅलरी देतं. फरक झाला दोन गुणिले ५,४५०, म्हणजे १०,९००. किलोमागे १०९ किलोकॅलरी वाढल्या. आता पक्षी ऊर्जा भागली की खाणं थांबवतो, म्हणजे खाद्य तीन-साडेतीन टक्के कमी खाईल. त्या कमी घासात प्रथिनंही कमी जातील, वर मक्याबरोबर १७० ग्रॅम प्रथिनं आपण आधीच काढलीत. पक्ष्याच्या पोटावर चरबी चढेल आणि छाती भरणार नाही. म्हणून आणखी २ किलो मका काढून २ किलो सोया डीओसी, म्हणजे तेल काढलेली सोयापेंड, घालायची. प्रथिनं साधारण २०.६ टक्क्यांवर येतात, सोयामुळे ऊर्जा थोडी उतरून ३,०९० च्या जवळ बसते, आणि दोन्हींचं प्रमाण पहिल्यासारखं जुळतं. प्रीमिक्स आणि अमिनो आम्लंही त्याच हिशेबाने तीन टक्के वाढवा.

मर्यादा अशा. भरड्यात एकूण तेल ४ टक्क्यांच्या पुढे नेऊ नका. पोती तेलकट होतात आणि मिक्सरच्या भिंतीला थर बसतो. गोळी खाद्य करत असाल तर मिक्सरमध्ये २ टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर गोळी हातात फुटते. उरलेलं गोळीवर नंतर फवारा. मासळीचं तेल या एकूण तेलातला छोटा भाग असावा. ब्रॉयलरला १ टक्क्याच्या आत, आणि शेवटचे दोन-तीन आठवडे पूर्ण बंद. डुकरांनाही १ टक्क्याच्या आतच, आणि कापण्याआधी महिनाभर बंद, कारण त्यांची चरबी मऊ पडते आणि मांसाला वास लागतो.

अंड्यावरच्या कोंबड्यांबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगतो. सहा-सात वर्षांपूर्वी ओमेगा-३ ची अंडी करायची म्हणून मी मासळीचं तेल थेट अडीच टक्के घातलं. बलकात डीएचए, म्हणजे मासळीच्या तेलातलं ओमेगा-३ आम्ल, उतरतं हे खरं आहे आणि मला ते जास्त हवं होतं. तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या काकू अंडी परत घेऊन आल्या. म्हणाल्या, "अरे, पोळा घातला तर बांगड्याचा वास येतोय. कोंबड्यांना काय घालतोस?" मी उकडून बघितलं, बलक फोडला आणि वाफेबरोबर वास आलाच. खाद्य त्याच दिवशी बदललं, पण तोवर अकरा घरं तुटली. तेव्हापासून माझं प्रमाण १ टक्का, आणि तपकिरी अंड्याच्या कोंबड्यांना अर्धा टक्का. तपकिरी अंड्यांच्या काही जातींत मासळीतला ट्रायमिथाइलअमाइन हा घटक शरीरात नीट मोडत नाही, तो बलकात जातो. मासळीची भुकटीही घालत असाल तर दोन्हींचा वास एकत्र धरा. नवं प्रमाण सुरू केलं की दर आठवड्याला दोन अंडी उकडून गरम असतानाच फोडून हुंगा. आणि अंड्याचा आकार वाढवायला मासळीचं तेल कामाचं नाही, त्याला लिनोलेइक आम्ल लागतं. तिथे सोयातेल घ्या.

मिसळणं

मासळीचं तेल तापवायची गरज पडत नाही. टॅलो मात्र वितळवावी लागते, आणि ती थेट जाळावर नाही. गरम पाण्याच्या टाकीत डबा उभा करा, ५० ते ६० अंश पुरेत.

क्रम असा: मका, सोया आणि बाकी भरडा मिक्सरमध्ये, मग प्रीमिक्स आणि मीठ, दोन-तीन मिनिटं कोरडं फिरू द्या, आणि सगळ्यात शेवटी तेल. तेल आधी गेलं तर प्रीमिक्स गुठळ्यांत अडकतं आणि एका पक्ष्याला जास्त, दुसऱ्याला काहीच मिळत नाही. फवाऱ्याचा नोझल असेल तर उत्तम. नसेल तर घमेल्यात दहा किलो मक्याचं पीठ घ्या, त्यावर तेल धार धरून सोडा आणि करंजीच्या पिठाला मोहन चोळतो तसं दोन्ही तळव्यांत चोळा. मूठ वळली तर वळली पाहिजे, पण बोटाने टोचलं की सुटली पाहिजे. मग ते चाळणीतून काढून मिक्सरमध्ये टाका आणि चार-पाच मिनिटं फिरवा. नव्या माणसाला हे हाताचं काम कमीपणाचं वाटतं, पण माझ्याकडे नोझल असूनही शंभर किलोच्या छोट्या बॅचला मी हेच करतो.

मासळीच्या तेलाबरोबर ई जीवनसत्त्व वाढवायला विसरू नका. या तेलातली आम्लं शरीरातलं ई जीवनसत्त्व खर्च करतात. १ टक्का तेलाला खाद्याच्या किलोमागे १० ते २० मिलिग्रॅम जादा मी घालतो. ते कमी पडलं की दोन ते चार आठवड्यांची पिल्लं मान वाकडी करून पडतात, पाय ताणतात, तोल जातो. मानमोडी (राणीखेत) समजून लोक भलतीच औषधं देतात. अशी पिल्लं दिसली तर पशुवैद्यकाला बोलवा आणि त्याला तेलाबद्दल आधी सांगा.

कोकणच्या पावसाळी हवेत तेल घातलेला भरडा मी आठ दिवसांच्या पुढे ठेवत नाही. थोडं करा, वरचेवर करा.

तळ्यावर

कोळंबीच्या आणि माशांच्या तयार खाद्यात तेल कारखान्यातच घातलेलं असतं. व्हॅनामी कोळंबीच्या खाद्यात एकूण स्निग्धांश साधारण ५ ते ८ टक्के असतो. तळ्यावर आपण तेल घालतो ते औषध किंवा प्रोबायोटिक गोळीला चिकटवायला. किलोला १० ते २० मिलिलिटर पुरतं. आधी पावडर थोड्या पाण्यात कालवून गोळीवर लावा, सावलीत अर्धा तास वाळवा, मग तेलाचा हात फिरवा म्हणजे पाण्यात ती धुऊन जात नाही. लावलेलं खाद्य त्याच दिवशी संपवा. चव येते म्हणून तेल वाढवलं तर पाण्यावर तवंग येतो आणि पैसा तळ्यावर तरंगतो.

वही आणि बाटली

गिऱ्हाईक विचारेल तर खाद्यात काय आहे ते खरं सांगा. बरीच अंडी खाणारी घरं अशी असतात ज्यांना कोंबडीने म्हशीची चरबी खाल्लेली चालणार नाही, आणि ते ठरवायचा हक्क त्यांचा आहे. मी अंड्यांच्या ट्रेवर "खाद्यात मासळीचं तेल आहे" असं लिहितो.

प्रत्येक ड्रम आला की पाव लिटर तेल तपकिरी काचेच्या बाटलीत गच्च भरून झाकण लावतो. वर चिठ्ठी: आल्याची तारीख, गाळल्याची तारीख, पुरवठादार, भाव, आणि ते तेल कुठल्या बॅचला गेलं. बाटली घरातल्या थंड कोनाड्यात ठेवतो. त्या तेलावरची शेवटची अंडी विकली गेली की अजून एक महिना ती तिथेच राहते, आणि मगच धुऊन पुढच्या ड्रमला वापरतो.